आधी विहिरी बघा

घाटनांदूरला आबांना कुणी भूवैज्ञानिक म्हटलं नाही. पदवी नव्हतीच. एकाहत्तरच्या लढाईतला फौजी, एवढीच गावाला त्यांची ओळख. उमेदीची वर्षं खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये गेली. फौज सुटल्यावर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत मदतनीस म्हणून लागले. टेपचं टोक धरायचं, विहिरीत दोर सोडायचा, साहेबांची हातोडी आणि दगडांची पिशवी वाहायची. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा बालाघाटाचा खडक त्यांना हरिपाठासारखा पाठ झाला होता.

आबा जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या भावकीतल्या दोन भावांची आणि बोअरच्या गाडीची गोष्ट गावात सगळे सांगतात, पण तिच्या पोटात असलेली एका इंग्रज कर्नलची गोष्ट मात्र गाळतात. मला ती गाळायची नाही. ती काढून टाकली तर थोरल्या भावानं पुढं जे केलं त्याचा अर्थच लागत नाही.

त्या वर्षी पाडवा झाला आणि दोघे भाऊ आबांच्या ओसरीवर आले. तीन बोअर झाले होते. पहिला चारशे फूट, दुसरा साडेपाचशे, तिसरा सातशे. तिन्हींतून नुसता पांढरा फुफाटा उडाला होता. कर्ज थोरल्याच्या नावावर. आता पाणाड्यानं बांधाच्या कोपऱ्यात चौथी जागा दाखवली होती. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ तिथं उभा राहिला, म्हणून. गाडी स्टेशन रोडला येऊन थांबली होती, रात्री शेतात जायची होती. भावांना आबांकडून फक्त होकार हवा होता.

"आबा, एवढी जागा नजरंखालून घाला की," थोरला म्हणाला.

"घालतो. पण शेजारपाजारच्या किती विहिरीत डोकावलास?"

थोरला गप्प बसला. धाकटा म्हणाला, "दुसऱ्याच्या इहिरीत बघून आपल्याला काय कळायलंय, आबा?"

आबांनी आत चहा सांगितला. म्हणाले, "बसा. खडकीला इतकी वर्षं होतो, पण तिथली ही गोष्ट मला तिथं कुणी सांगितली नाही. खात्यात आल्यावर एका साहेबानं सांगितली. गाडीवाल्याला सांगा, रात्रीपर्यंत थांब."

गोष्ट विल्यम हेन्री साइक्सची. जन्म १७९० चा, इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा. मिसरूड फुटायच्या आधीच हा पोरगा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाला. १८०५ मध्ये लॉर्ड लेकनं भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तो तिथं होता. चार वेळा हल्ला केला आणि चारही वेळा इंग्रज मागं फिरले. पंधरा वर्षांच्या पोरानं लढाईतली पहिली मोठी गोष्ट पाहिली ती हार.

पुढं ५ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई. पेशव्यांची फौज इंग्रजांच्या कितीतरी पट. साइक्स इंग्रजांकडून एका पलटणीचा म्होरक्या. इथं आबा नेहमी थांबायचे. त्या मैदानावर त्यांनी स्वतः कवायत केली होती. ते हातानं दिशा दाखवत सांगायचे की बापू गोखल्यांनी घोडदळ कसं सोडलं आणि इंग्रजांच्या रांगेसमोर काय झालं. समोर दलदल होती. भरधाव घोडे तिच्यात रुतले, मागचे पुढच्यांवर आदळले, आणि त्या गोंधळावर गोळीबार झाला. गोखल्यांच्या हिमतीत काही कमी नव्हतं. जरीपटका घेऊन आलेले मोरोपंत दीक्षित त्याच दिवशी तोफेच्या गोळ्यानं पडले.

"घोड्याच्या टापाखाली काय हाय ते आधी बघितलं नाही," आबा म्हणाले. "हिंमत होती, माणसं होती, सगळं होतं."

थोरल्यानं तेव्हा मान वर करून पाहिलं, असं धाकटा सांगतो.

लढाई इंग्रजांनी जिंकली, पाठोपाठ डोंगरी किल्ले घेतले, त्यातही साइक्स होता. १८२० मध्ये तो विलायतेला गेला आणि १८२४ मध्ये परत आला. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्याला निराळंच काम दिलं. पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड या जिल्ह्यांची माहिती गोळा करायची. पिकं कोणती, माणसं किती, वजनंमापं कशी, जमिनीचे हक्क कुणाचे. ज्या मुलखावर त्यानं बंदूक चालवली होती, त्याच मुलखात आता त्याला वही घेऊन गावोगाव हिंडायचं होतं.

हे सांगताना मला साइक्सला देव्हाऱ्यात बसवायचं नाही. तो आपलं राज्य बुडवणाऱ्या फौजेचा माणूस होता, आणि त्यानं जमवलेली माहिती कंपनीला सारा बसवायलाही कामाची होती. आबांनाही ते ठाऊक होतं. पण ते म्हणायचे, माणूस कुणाच्या पगारावर आहे ते बघावं, आणि पगार थांबल्यावर तो काय करतो तेही बघावं. साइक्सची गोष्ट पुढं त्या दुसऱ्या भागात आहे.

त्याला सांगितलं होतं त्यापेक्षा तो जास्त बघत गेला. दिवसातून अनेकदा वायुभारमापकाचा आकडा लिहायचा. दख्खनच्या हवेचा दाब रोज ठरावीक वेळी दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हे त्यानं वर्षानुवर्षांच्या नोंदींतून मांडलं. पक्षी टिपले, मासे टिपले. मुळामुठेतल्या एका माशाचं शास्त्रीय नाव ठेवताना त्यानं कोळ्यांच्या तोंडचं खुद्री हेच नाव लॅटिनच्या मागं जोडलं. आजही जगभर तो त्याच नावानं ओळखला जातो. आणि तो डोंगर बघू लागला.

सह्याद्रीच्या उतारावर कठीण काळ्या फत्तराची सरळ उभी भिंत, तिच्याखाली मऊ खडकाची पायरी, खाली पुन्हा भिंत. हे आपण सगळेच लहानपणापासून बघतो. साइक्स नुसतं बघून थांबला नाही. वायुभारमापकानं तो उंची काढायचा. एका डोंगरावर एखादा थर किती उंचीवर आहे ते लिहायचा, मग दुसऱ्या डोंगरावर चढून तेच. त्याच्या ध्यानात आलं की हे थर मैलोन्मैल जवळपास आडवे, एका पातळीत पसरलेले आहेत. मधे दरी असो, नदी असो, पलीकडच्या डोंगरात तोच थर पुन्हा भेटतो. काळ्या थरांखालच्या तांबड्या मातीच्या पट्ट्यांचीही त्यानं नोंद केली.

हे सगळं लाव्ह्याचं काम, हे आज शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, मधे काही काळ शांत गेला, वरचा पृष्ठभाग हवेपाण्यानं कुजून त्याची तांबडी माती झाली, मग पुन्हा नवा लाव्हा तिच्यावर पसरला. असं किती वेळा? भुसावळला कोळसा शोधायला खोल भोक पाडलं, तेव्हा फर्मॉर या भूवैज्ञानिकानं त्यातले एकोणतीस थर मोजले. आपल्या शेजारी लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथं भोक पाडलं तर ३३८ मीटरवर काळा दगड संपला आणि खाली अतिप्राचीन खडक लागला. त्या पहाटे घाटनांदूरलाही माणसं अंगणात पळाली होती. पायाखाली काय आहे हा प्रश्न आपल्याकडं तेव्हापासून नुसता पाण्याचा राहिला नाही.

पण साइक्सच्या वेळी यातलं काही ठरलेलं नव्हतं. त्याच्याकडं होती ती वही, पारा आणि पाय.

१८२९ मध्ये सरकारनं ते पदच रद्द केलं. काम अर्धवट होतं. त्याला पलटणीत परतता आलं असतं, कुणी बोल लावला नसता. त्यानं परवानगी मागितली ती पगाराशिवाय काम पुरं करायची. मिळाली. १८३१ च्या जानेवारीत त्यानं काम संपवलं तोवर तो त्या पदाच्या पगाराविना मोजत होता. दख्खनच्या खडकावरचा त्याचा लेख १८३६ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेनं छापला. पुढं तो कंपनीचा अध्यक्ष झाला, पार्लमेंटात गेला, १८७२ मध्ये वारला. आबांना त्या पुढच्या मोठेपणात काही रस नव्हता. त्यांची गोष्ट १८३१ ला संपायची.

"आपला मुलूख तेव्हा निजामाचा," ते म्हणाले, "त्यामुळं साहेबाच्या चार जिल्ह्यांत आपण नव्हतो. पण फत्तर तोच हाय. मुलूख जिंकणाऱ्याला जमीन मिळती लेकांनो, पण जमीन बोलती ती तिला इचारणाऱ्याशी. तुमी तीन बोअर घेतले. तिला एकदा तरी इचारलं का?"

बोअरची गाडी त्या रात्री शेतात गेली नाही. थोरल्यानं गाडीवाल्याला दोन दिवसांची मुदत मागितली. मन वळलं म्हणून नव्हे. आबांसारख्या वडीलधाऱ्या माणसाला लगेच नाही म्हणता येईना, एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघे निघाले. आबांनी टेप घेतला, ओळंबा घेतला आणि गवंड्याकडून लेव्हलची नळी आणली. पाण्यानं भरलेली ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, जिच्यावर घराचं जोतं सारखं करतात. विहिरी फार लांब नव्हत्या. ओढ्याच्या दोन्ही अंगांना, शेजाऱ्यांच्या शेतात, काही बांधलेल्या, काही नुसत्या खोदलेल्या. प्रत्येक विहिरीच्या काठावर आबा पालथे पडून आत बघायचे आणि धाकट्याला सांगायचे, "लिही. काळी माती इतकी. मुरूम इतका. मग फत्तर." थोरला दोर धरून उभा.

तिसऱ्या विहिरीत थोरल्यालाच दिसलं. काळ्या फत्तराच्या बुडाशी हातभर रुंदीचा गेरूचा तांबडा पट्टा, आणि त्याच्या बरोबर वर, फत्तराच्या भेगांतून भिंत ओली. चैत्रात ओली. खाली मांजऱ्या खडक, बारीक भोकांचा. चौथ्या विहिरीत पुन्हा तोच पट्टा, तशीच ओल.

"आता नळी धर," आबा म्हणाले.

एका विहिरीच्या काठापासून दुसऱ्या विहिरीच्या काठापर्यंत टप्प्याटप्प्यानं नळीनं पातळी नेली. वेळखाऊ काम. ऊन चढलं, नळीत बुडबुडा अडकला की मागं जाऊन पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत धाकट्याच्या वहीत एक सरळ रेघ उमटली. काठ वरखाली होते, पण गेरूचा पट्टा सगळ्या विहिरींत जवळपास एकाच पातळीवर होता, ओढ्याच्या दिशेनं जरासा कललेला.

दुसऱ्या दिवशी पातळी भावांच्या शेतात आणली. त्यांच्या आज्यानं बहात्तरच्या दुष्काळात खोदलेली जुनी विहीर तिथं होती. फत्तर लागला, सुरुंगाचे पैसे संपले, विहीर अर्धी राहिली. कित्येक वर्षं तिच्यात कचरा पडत होता. नळीच्या पातळीनुसार गेरूचा पट्टा तिच्या तळाच्या खाली आठेक फुटांवर असायला हवा होता. आणि बोअर? मुरूम ढासळू नये म्हणून गाडीवाल्यानं तिन्ही बोअरना चाळीस फूट केसिंग घातली होती. ओल होती पस्तीस फुटांच्या आसपास. जिथं पाणी होतं तिथं लोखंडी नळानं तोंड बंद केलेलं, आणि त्याखाली सातशे फुटांपर्यंत घट्ट फत्तर.

थोरला बांधावर बसून राहिला. आबा त्याला काही बोलले नाहीत. गाडीवाल्यालाही ते कधी दोष द्यायचे नाहीत. तो सांगितलेल्या जागी भोक पाडतो, फुटाचे पैसे घेतो. पाणाड्यावरही कधी चिडले नाहीत. एवढंच म्हणायचे की नारळ उभा राहिला तर राहू दे, पण त्याआधी दोर सोडून बघावं.

गाडी दुसऱ्या गावाला गेली. उन्हाळ्यात यारी लावून जुनी विहीर खोल केली. पाणी लागलं, पण इथं गोष्ट सांगणारे हात मोकळा सोडतात, मला तसं करायचं नाही. कारंजं उडालं नाही. भिंतीतून पाझर आला, रात्रभरात काही फूट पाणी साचू लागलं. मांजऱ्याची बरीच भोकं पांढऱ्या गारेनं बुजलेली निघाली, तिथून थेंब नाही. आबांनी अदमास आधीच सांगितला होता: "उसाचं नाव काढू नका. तूर होईल, हरभऱ्याला दोन पाणी मिळतील. फाल्गुनात तळ दिसंल." तसंच झालं. शिवाय गेरूचा तो पट्टा खाली ओढ्याच्या काठात उघडा पडलेला सापडला. दिवाळीपर्यंत तिथून पाणी झिरपून निघून जायचं. धाकट्यानं पुढच्या वर्षी त्याच्या वरच्या अंगाला मातीचा बांध घातला, त्यानं थोडा फरक पडला.

थोरला या हिशेबावर खूश नव्हता. शेजारच्या शिवारात कुणाच्या तरी बोअरला तीन इंची पाणी लागल्याची बातमी आली की तो दोन दिवस घुम्या राहायचा. कर्ज फिटायचं होतं, मुलीचं लग्न होतं. आबांकडं जाऊन एकदा म्हणाला, "आबा, खोल कुठंतरी असंलच की." आबा म्हणाले, "असंल. माझ्या टेपनं तेवढं दिसत नाही. जे दिसलं ते सांगितलं." त्याला फसवून धीर देणं त्यांना जमलं नाही, आणि मला वाटतं त्यांचं खरं मोठेपण तिथं होतं. फौजेत सुरुंग काढणाऱ्या माणसाला हे शिकावंच लागतं: जिथं तपासलं नाही ती जागा साफ आहे असं म्हणायचं नाही.

आबांची एक सवय होती. खात्याची माणसं ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. निवृत्तीनंतर आबांनी गावातल्या आणखी काही विहिरी स्वतः धरल्या. दर अमावास्येला टेप घेऊन निघायचे, काठापासून पाणी किती खाली आहे ते शाळेच्या वहीत लिहायचे. एक पैसा मिळत नव्हता. मधे एका योजनेतून गावकऱ्यांनाच पातळी मोजायला लावून थोडं मानधन मिळू लागलं, तेव्हा चार पोरं त्यांच्याबरोबर फिरली. मानधन थांबलं, पोरं थांबली. आबा फिरत राहिले. कुणी विचारलं की म्हणायचे, "साहेबाचं पद गेलं तरी साहेब थांबला नाही. माझं तर पदच नव्हतं."

ते गेले ते थंडीत, झोपेत. चौदावा झाला आणि मधे अमावास्या आली. वह्यांचं काय करायचं हा प्रश्न घरच्यांपुढं होता; नातू पुण्याला, कुणाला त्यातलं कळत नाही. त्या सकाळी थोरला भाऊ दारात आला आणि म्हणाला, "काकू, आबांचा टेप द्या." धाकटा येईल असं सगळ्यांना वाटलं होतं.

तेव्हापासून तो दर अमावास्येला जातो. सुरुवातीला त्याचे आकडे चुकायचे. काठाच्या कोणत्या दगडापासून मोजायचं ते आबांनी प्रत्येक विहिरीवर चुन्यानं खूण करून ठेवलं होतं, पण पावसात काही खुणा धुऊन गेल्या होत्या. जुन्या आकड्यांशी ताडून बघत त्यानं त्या पुन्हा बसवल्या. आता वहीत दोन अक्षरं आहेत, एक तिरपं, एक जाड.

गेल्या महिन्यात ग्रामसभेत त्यानं ती वही काढली. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला तीन नवे बोअर घ्यायचं चाललं होतं, उसासाठी. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल बोअरला शेतीसाठी मनाई आहे, हे तलाठ्यासमोर कुणी तरी म्हणालं आणि लोक हसले. थोरल्यानं कायद्याचं नाव घेतलं नाही. त्यानं आकडे वाचले. कोणत्या वर्षी, कोणत्या अमावास्येला, काठापासून किती फूट. वरचा बोअर चालू झालेल्या वर्षी पिण्याच्या विहिरीचं पाणी किती आधी खाली गेलं. वाचताना एकदोनदा अडखळला.

गलका झाला. एकानं विचारलं, "तू तीन घेतलास की, तवा कुठं गेली होती वही?" थोरला म्हणाला, "तवा वही आबांकडं होती. मी इचारलं नव्हतं." ज्यांना बोअर घ्यायचे होते त्यातला एक उठून निघून गेला. ठराव झाला नाही. पुढच्या सभेवर गेला. लोक पांगले तरी उरलेल्या दोघांपैकी एकजण टेबलाशी येऊन त्याच्या शेजारच्या विहिरीचं पान शोधत होता, आणि थोरला त्याला सांगत होता की हा आकडा चैत्रातला, हा भाद्रपदातला, आणि उद्या सकाळी सवड असली तर आपण तुझ्या शिवारातल्या विहिरी बघू, दोर मी आणतो.